बांध कोरला आहे का, एवढंच बघायचं असतं

प्रश्न : माझ्या आईचं वय ५८. डाव्या कानाच्या पाळीखाली पाच-सहा वर्षं सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिनंच अंगावर काढली. गेल्या वर्षभरात ती लिंबाएवढी झाली. सुई टोचून तपासणी केली तेव्हा ‘प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, साधी गाठ’ असं आलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेत ऑपरेशन झालं, गाठ २.८ सेंटिमीटरची निघाली. आता बायोप्सीचा रिपोर्ट आलाय त्यात वेगळंच लिहिलंय : ‘मायोएपिथेलियल निओप्लाझम. पेशी ब्लँड. वेष्टणात एका जागी शिरकाव. के-आय सिक्स्टी-सेव्हन ८ टक्के. मायोएपिथेलियल कार्सिनोमाची शक्यता नाकारता येत नाही. क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ सर्जन म्हणतात, बहुतेक साधीच आहे, पण स्लाइड दुसरीकडे दाखवून आणा. भाऊ पुण्यात असतो. त्यानं इंटरनेटवर वाचलं की या गाठीत कडेला काय झालंय याला महत्त्व नाही, पेशी कशा दिसतात ते महत्त्वाचं, आणि पेशी ब्लँड, म्हणजे निरुपद्रवी दिसणाऱ्या, आहेत म्हणजे विषय संपला. मामा म्हणतो, सुई टोचली तिथंच बिघडलं. मावशी म्हणते, पेट स्कॅन करा, दूध का दूध पानी का पानी होईल. ऑपरेशननंतर आईचं तोंड हसताना किंचित वाकडं होतंय आणि कानाची पाळी बधिर झालीय. तिला आम्ही एवढंच सांगितलंय की गाठ काढली, झालं. मॅडम, गाठ साधी आहे का कॅन्सरची, एवढंच सांगा.
– स., तासगाव तालुका

उत्तर : एवढंच सांगा म्हणालात, आणि नेमकं तेवढंच मला इथं बसून सांगता येणार नाही. स्लाइड माझ्यासमोर नाही. मात्र तीस वर्षं मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून असेच रिपोर्ट लिहिले आहेत, काही वेळा अशीच टाळाटाळीची भाषाही वापरली आहे. त्यामुळे त्या चार ओळींतली कुठली ओळ वजनदार आणि कुठली हलकी, हे सांगू शकते.

आधी तातडीचं. तुम्हाला ईमेलनं हे लगेच कळवलं होतंच, बाकीच्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ लॅबमध्ये फॉर्मालिनच्या (ती कुजू नये म्हणून वापरतात त्या द्रवाच्या) डब्यात असते. तपासणीसाठी तिच्यातले मोजकेच तुकडे कापून घेतात, उरलेली गाठ डब्यातच राहते. हा डबा लॅब कायम ठेवत नाही. रिपोर्ट दिल्यावर काही आठवडे, मग टाकून देतात. म्हणून पहिला फोन लॅबला : ‘आमच्या पेशंटचा डबा टाकू नका, आणखी तुकडे घ्यावे लागतील.’ हे का, ते पुढे येईलच.

आता गाठ कशाची, ते. कानाखाली लाळेची ग्रंथी असते, आईची गाठ तिच्यातली. चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं. लाळ बनवणाऱ्या पेशींच्या बाहेरून, मुठीत लिंबू धरावं तशा, दुसऱ्या प्रकारच्या पेशी वेढा घालून बसलेल्या असतात. त्या आवळल्या की लाळ नळीत पुढे ढकलली जाते. याच मायोएपिथेलियल पेशी. अर्ध्या त्वचेच्या जातीच्या, अर्ध्या स्नायूच्या. घामाच्या ग्रंथींत त्या आहेत, अश्रूंच्या ग्रंथींत आहेत, स्तनातही आहेत. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकानं याच पेशी आवळल्या जातात म्हणून. इतकं लक्ष देऊन कुणी त्यांच्याकडे बघत नाही, पण घरातल्या कामसू माणसासारख्या त्या सगळीकडे असतात.

या पेशी क्वचित बेसुमार वाढतात. नुसत्या त्यांचीच गाठ झाली आणि ती साधी असली तर मायोएपिथेलिओमा, घातक असली तर मायोएपिथेलियल कार्सिनोमा. साध्या गाठीला हे नाव १९४३ मध्ये मिळालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या लाळग्रंथींच्या गाठींच्या यादीत दोघींना स्वतंत्र जागा मिळाली ती थेट १९९१ मध्ये. लाळग्रंथींच्या गाठी मुळात कमी, आणि त्यांतल्या शंभरात एखाद-दुसरी मायोएपिथेलिओमा निघते. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी चांगलं काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही अशी गाठ वर्ष-दोन वर्षांत एखादी भेटली तर भेटली. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘नाकारता येत नाही’ आलंय ते हलगर्जीपणानं नाही. ज्यानं ते लिहिलं तो थांबला, आणि जिथं थांबायला हवं तिथंच थांबला, असं माझं मत आहे. ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ हे मात्र आम्हा लोकांचं जुनं पालुपद. त्याचा अर्थ बहुतेकदा ‘मला खात्री नाही, तुम्ही बघा’ एवढाच असतो. त्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

तुमच्याकडे शेती आहे असं पत्राच्या तळाशी लिहिलंय, म्हणून शेतातलंच सांगते. शेजारी दोन प्रकारचे असतात. एकाचा ऊस माजतो, वाऱ्यानं तुमच्या बाजूला लवंडतो, पार बांधावर येऊन टेकतो. डोळ्यांवर येतं, पण बांध जागेवर असतो. दुसरा दर नांगरटीला वीतभर बांध कोरतो. त्याचं पीक दिसायला कसं आहे, हिरवंगार की खुरटलेलं, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नसतं. बांध कोरला का, एवढंच तुम्ही बघता. लाळग्रंथीतल्या मायोएपिथेलियल गाठीचं अगदी असंच आहे. साधी गाठ भोवतालच्या ग्रंथीला ढकलते, दाबते, पण तिच्यात घुसत नाही. घातक गाठ वेष्टण फोडून पलीकडच्या ग्रंथीत, चरबीत, नसेच्या भोवती शिरते. आणि गोम अशी की घातक गाठीतल्या पेशीही पुष्कळदा निरुपद्रवी दिसतात. केंद्रकं एकसारखी, चेहरे सालस. नुसत्या पेशी पाहून साधी म्हणावी आणि कडेला जाऊन पाहावं तर बांध गायब. या गाठी साध्या समजून सोडल्या गेल्याची उदाहरणं जगभरच्या मोठ्या रुग्णालयांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहेत.

म्हणून तुमच्या रिपोर्टमधली ‘पेशी ब्लँड’ ही ओळ हलकी. ‘वेष्टणात एका जागी शिरकाव’ ही वजनदार.

इथं तुमच्या भावाचं. त्यानं वाचलं ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या शेताबद्दल आहे. याच पेशींच्या गाठी हातापायांत, मांडीत, खांद्याच्या मांसातही होतात, आणि तिथला कायदा वेगळा आहे. २००३ मध्ये हॉर्निक आणि फ्लेचर या बॉस्टनच्या पॅथॉलॉजिस्टांनी मऊ ऊतींतल्या अशा १०१ गाठी अभ्यासल्या. तिथं कड अस्पष्ट असली, थोडीफार घुसलेली दिसली तरी गाठीच्या पुढच्या वागण्याचा त्यावरून अंदाज येत नव्हता. अंदाज येत होता तो पेशींच्या रूपावरून : केंद्रकं मोठी, वेडीवाकडी, आत ठळक ठिपके, असं असलं तर ती घातक. ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवता आलं त्यांत साध्या दिसणाऱ्या गाठींपैकी सुमारे १८ टक्के त्याच जागी परत आल्या, पण एकही लांब पसरली नाही. घातक दिसणाऱ्यांपैकी ४२ टक्के परत आल्या आणि ३२ टक्के पसरल्या. तुमच्या भावाला सापडलं ते हेच किंवा यावर बेतलेलं काहीतरी असणार. एकच पेशी, एकच नाव, पण मांडीत असेल तर तोंडवळा बघायचा आणि लाळग्रंथीत असेल तर बांध. असं का, याचं एका वाक्यात उत्तर नाही. या गाठींमागचे जनुकीय बदलही दोन्हीकडे सारखे नाहीत. मऊ ऊतींतल्या जवळपास निम्म्या गाठींत ईडब्ल्यूएसआर-वन नावाच्या जनुकाची मोडतोड सापडते. लाळग्रंथीतल्या पुष्कळशा गाठींत, विशेषतः जुन्या प्लिओमॉर्फिक अॅडिनोमातून उपजलेल्यांत, पीएलएजी-वन हे वेगळंच जनुक हललेलं असतं. भावाला सांगा, वाचतोस ते चांगलंच आहे, फक्त गाठ शरीरात कुठली याची ओळ आधी वाचत जा.

मग सुईच्या तपासणीत हे आधीच का नाही कळलं? कारण सुई शेताच्या मधून मूठभर माती आणते. मातीवरून पीक कळतं, बांध दिसत नाही. प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा ही लाळग्रंथीची सगळ्यांत नेहमीची साधी गाठ, आणि तिच्यातही याच मायोएपिथेलियल पेशी ढिगानं असतात. सुईतून आलेल्या चार थेंबांत त्या दिसल्या की नेहमीचं नाव लिहिलं जाणं साहजिक आहे. २०१८ पासून लाळग्रंथींच्या सुईच्या रिपोर्टसाठी मिलान पद्धत म्हणून एक वर्गवारी वापरतात. तीत अशाच प्रसंगांसाठी ‘गाठ आहे, पण स्वभाव अनिश्चित’ असा खास कप्पा ठेवलाय, आणि त्यात टाकलेल्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश पुढे घातक निघतात. तुमच्या आईचा पहिला रिपोर्ट त्या कप्प्यात गेला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं ऑपरेशन काही टळलं नसतं, गाठ काढावी लागणारच होती.

मामांना समजावून सांगा की सुई टोचल्यानं साधी गाठ घातक होत नाही. त्यांच्या म्हणण्यात एक वेगळंच तथ्य आहे, ते त्यांनाही माहीत नसेल. सुई शिरलेल्या जागी थोडा रक्तस्राव होतो, कधी गाठीचा तुकडा मरतो, वेष्टण फाटून भरून येतं आणि त्या खळग्यात गाठीच्या पेशी अडकून राहतात. पुढे गाठ कापून पाहिली की ही जागा हुबेहूब शिरकावासारखी दिसू शकते. मेलेला भागही घातकपणाची खूण म्हणून वाचला जाऊ शकतो. म्हणून स्लाइड दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला सुई कुठल्या तारखेला, किती वेळा टोचली, हे लिहून द्या. सुईच्या मूळ काचाही, म्हणजे स्लाइडही, द्या. कोणी आपणहून विचारत नाही, आणि नेमकी तीच माहिती निर्णायक ठरू शकते.

वेष्टणातला ‘एका जागी शिरकाव’ म्हणजे काय, याचेही बरेच रंग आहेत. लाळग्रंथीच्या साध्या गाठीचं वेष्टण नारळाच्या करवंटीसारखं नसतं. कुठं जाड, कुठं कांद्याच्या पापुद्र्यासारखं, कुठं नसतंच. गाठ तिथून बोटभर बाहेर डोकावते, पण डोकावलेल्या भागाची कड गुळगुळीत असते. याला आम्ही शिरकाव म्हणत नाही. टाळूवरच्या छोट्या लाळग्रंथींतल्या साध्या गाठींना तर पुष्कळदा वेष्टणच नसतं. खरा शिरकाव तो, जिथं गाठीचे लोळ किंवा जिभा शेजारच्या चांगल्या ग्रंथीच्या मधोमध जाऊन बसतात, चरबीच्या पेशींमधून वाट काढतात, नसेला विळखा घालतात किंवा रक्तवाहिनीत उतरतात. मायोएपिथेलियल कार्सिनोमाची घुसायची तऱ्हा जरा धूर्त असते. काटेरी मुळ्यांसारखी न घुसता ती पुष्कळदा गोल गोल गोळ्यांच्या रूपात सरकते. प्रत्येक गोळ्याचं पोट विरळ, बुळबुळीत किंवा मेलेलं आणि काठ पेशींनी गच्च भरलेला. लांबून पाहिलं तर गोळे नुसते ढकलताहेत असं वाटतं. इथंच अनुभवी डोळा आणि सवयीचा डोळा यांत फरक पडतो. वेष्टणाच्या आतल्या आत सगळं उलथापालथ झालेलं, पण बाहेर पाऊल नाही, अशीही एक अवस्था असते, आणि तिचं भवितव्य साध्या गाठीच्याच जवळ जातं. त्यामुळे वेष्टणात शिरकाव आणि वेष्टणापलीकडे शिरकाव यांतलं अंतर मिलिमीटरांचं असलं तरी आईच्या पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक त्यावर ठरतं.

आता ते ८ टक्के. के-आय सिक्स्टी-सेव्हन हा रंग विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींवर चढतो. शंभरातल्या आठ पेशी तशा होत्या. १९९८ मध्ये जपानच्या नागाओ आणि सहकाऱ्यांनी दहा घातक गाठी साध्या गाठींशी ताडून पाहिल्या आणि सांगितलं की हा आकडा १० टक्क्यांच्या वर असला, किंवा सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या क्षेत्रांत सातपेक्षा जास्त पेशी विभाजताना दिसल्या, तर गाठ घातक समजावी. त्यावर आजही बरेच जण चालतात. तुमचा आकडा ८. म्हणजे दोनानं वाचलो का? असा हिशोब करू नका. हा आकडा डोळ्यांनी मोजतात. गाठीच्या एका कोपऱ्यात तो ३ भरेल, दुसऱ्यात १२. आणि १० च्या खाली असूनही बांध कोरणाऱ्या गाठी असतात. आकडा साक्षीदार आहे, निकाल त्याच्या हातात नाही.

बाकीच्या रंगतपासण्या, म्हणजे आयएचसी, यांच्याबद्दलही एक गैरसमज असतो. सायटोकेरॅटिन, एस-हंड्रेड, कॅल्पोनिन, पी-सिक्स्टीथ्री, जीएफएपी, सॉक्स-टेन अशी मोठी यादी बिलावर दिसते आणि माणसाला वाटतं, इतकं केलं तर कॅन्सर आहे की नाही ते कळलंच पाहिजे. या तपासण्या पेशीची जात सांगतात. ही मायोएपिथेलियलच आहे, दुसऱ्या कुठल्या वेगळ्या गाठीचा भाग नाही, हे ठरवायला त्या लागतात. तिचा स्वभाव त्या सांगत नाहीत. दुसऱ्या लॅबनं सगळी यादी पुन्हा करायला सांगितली तर आधीच्या रंगवलेल्या काचा दाखवून, यातलं खरोखर काय नव्यानं लागेल, असं नम्रपणे विचारा.

डब्याकडे परत येते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका गृहस्थांच्या कानाखालच्या गाठीला मायोएपिथेलिओमा, साधी, असा रिपोर्ट दिला होता. रिपोर्ट त्या काचांपुरता बरोबर होता. पण काचा दोनच होत्या. गाठ मधोमध कापून छान दिसणाऱ्या भागातले दोन तुकडे घेतले गेले होते, कडेचा एकही नाही. दोन-अडीच वर्षांनी गाठ त्याच जागी परत आली, या वेळी चेहऱ्याची नस कवेत घेऊन. जुना डबा शोधायला गेले तर तो कधीच टाकला गेला होता. तेव्हापासून असा रिपोर्ट हातात आला की मी निदानाच्या ओळीआधी तुकडे किती आणि कुठून घेतले ती ओळ वाचते. तुमच्या रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला ‘ग्रॉस’ म्हणून एक परिच्छेद असेल, त्याखाली ए-वन, ए-टू असे तुकड्यांचे क्रमांक असतील. २.८ सेंटिमीटरच्या अशा गाठीची, कडेसकट, जवळपास सगळीच तपासणी व्हायला हवी. पाच-सहाच क्रमांक असतील तर लॅबला डब्यातल्या गाठीची उरलेली कड कापून तपासायला सांगा. बऱ्याचदा निम्मा प्रश्न इथंच सुटतो.

मग स्लाइड घेऊन जायचं कुठं? ज्या ठिकाणी डोकं-मान यांच्या गाठी रोज येतात तिथं. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे, तिथं बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक (गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे) तपासून मत देतात. नोंदणी कशी करायची, पेशंट बरोबर लागतो का, हे आधी फोन करून विचारा, म्हणजे तासगावहून उगाच फेरा पडणार नाही. पुणे-कोल्हापुरातही कॅन्सरच्या केंद्रांत या विषयाला वाहिलेले पॅथॉलॉजिस्ट आहेत. तुमच्या सर्जनना विचारा की त्यांना स्वतःच्या आईची स्लाइड दाखवायची असती तर ते कुणाकडे गेले असते. हा प्रश्न विचारला की खरं नाव निघतं. बरोबर न्यायचं ते असं : सगळ्या काचा, सगळे मेणाचे ब्लॉक, बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, सुईचा रिपोर्ट आणि काचा, ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि ऑपरेशनची नोंद. या शेवटच्या कागदाला कमी लेखू नका. गाठ अख्खी निघाली की फुटली, नसेला चिकटली होती की सहज सुटली, हे सर्जननं हातानं अनुभवलेलं असतं, आणि ते काचेवर दिसत नाही. ब्लॉक लेखी अर्ज केल्यावर मिळतात. लॅबनं का-कू केली तर सर्जनची चिठ्ठी जोडा.

या सगळ्याला दहा-पंधरा दिवस जातील. तेवढ्यानं काही हातचं जात नाही. निदान घातकच ठरलं आणि किरणोपचार द्यायचे झाले तर ते जखम भरल्यावर, साधारण ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आसपास सुरू करतात. तुमचे तीन आठवडे गेलेत. म्हणजे निवांतही बसायचं नाही.

निष्कर्ष साधी असा आला तर पुढे फारसं काही नाही. गाठ कडेसकट पूर्ण निघाली असेल तर दर सहा महिन्यांनी, मग वर्षानं सर्जननं बोटांनी चाचपून पाहायचं, इतकंच. काही वर्षं मात्र हे टाळायचं नाही, कारण साधी गाठही मागे राहिली तर परत उगवते. कार्सिनोमा आला तर मानेचा एमआरआय आणि छातीचा सीटी होईल, कारण ही गाठ पसरलीच तर मानेतल्या लसिकाग्रंथींत (मुळात असणाऱ्या छोट्या गाठींत) आणि फुफ्फुसांत जाते. मग ग्रंथीचा राहिलेला भाग काढायचा का, मानेतल्या लसिकाग्रंथी काढायच्या का, किरण द्यायचे का, हे सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतील. केमोथेरपीचा या गाठीत पहिल्या फळीत उपयोग होतो असं दिसलेलं नाही. तेव्हा कोणी घाईनं सलाइन लावायला निघालं तर आधी दुसरं मत घ्या. वेष्टणाच्या जरासंच बाहेर पाऊल टाकलेली आणि पूर्ण निघालेली छोटी गाठ असेल तर नंतर नुसतं लक्ष ठेवण्याचाही निर्णय होऊ शकतो. कार्सिनोमा हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात बरीच अंतरं आहेत.

पेट स्कॅनबद्दल मावशींना सांगा की लाळग्रंथीच्या काही अगदी साध्या गाठी त्यात दिव्यासारख्या चमकतात आणि काही घातक गाठी मंद राहतात. साधी की घातक हे पेट ठरवू शकत नाही. आता तर गाठ निघून गेली आहे, जखमेचीच सूज चमकेल आणि घरात नवी धावपळ सुरू होईल. कार्सिनोमाचं नक्की झालं आणि डॉक्टरांनी पसरण्याचा शोध घ्यायला सांगितला, तर गोष्ट वेगळी.

आईच्या वाकड्या हसण्याची तुम्हाला धास्ती वाटतेय, ती मी ओळखते. ऑपरेशनच्या आधी तोंड वाकडं होतं का? डोळा मिटायला त्रास, गाठीत दुखणं? असं काही पत्रात नाही, आणि ते नसणं चांगलं आहे. गाठीनं आपणहून नस निकामी करणं ही घातकपणाची खूण असते. ऑपरेशननंतरचं वाकडेपण वेगळं. चेहरा हलवणारी नस या ग्रंथीच्या मधूनच, फांद्या फुटत जाते. सर्जनला ती एकेक फांदी सोडवून गाठ काढावी लागते. नस कापली गेलेली नसेल तर ओढाताणीनं आलेली ही मरगळ काही आठवडे ते काही महिन्यांत उतरते. नस शाबूत आहे ना, एवढं सर्जनना विचारा. डोळा नीट मिटत असल्याची खात्री करा, मिटत नसेल तर रात्री डोळ्याला मलम आणि पट्टी लागेल. कानाची पाळी बधिर होते ती दुसऱ्याच एका छोट्या नसेमुळे. ती थोडीफार सुधारते, पण काहींना कायमची राहते. कुडी घालताना फिरकी आरशात बघून लावायची, नाहीतर टोचलेलं कळत नाही. आणि काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम फुटायला लागला तर घाबरू नका. लाळेच्या नसा भरून येताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात, म्हणून तसं होतं. त्यावर उपाय आहेत.

राहिलं आईला काय सांगायचं. ‘गाठ काढली, झालं’ हे तुम्ही मायेपोटी सांगितलंत, पण उद्या मुंबईला निघायचं तर काय सांगणार? देवदर्शन? अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला, जिनं पाच-सहा वर्षं ती गाठ स्वतःच्या बोटांनी रोज चाचपली, तिला घरातली कुजबुज कळत नसेल असं मला वाटत नाही. तुम्हालाही अजून निदान माहीत नाही, तेव्हा लपवण्यासारखंही काही नाही. जे आहे तेच सांगा : गाठ निघाली, ती साधी आहे की थोडी वेगळी यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही, म्हणून मोठ्या ठिकाणी काच दाखवायची आहे. तिला काय विचारायचंय ते विचारू दे. बांधाचा दाखला तिला द्या, तिला तो माझ्यापेक्षा चांगला कळेल.

ब्लॉक न्यायला भाऊ पुण्याहून येणार असेल तर त्याला सांगा, ते मेणाचे असतात. कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या डब्यात, हातातल्या पिशवीत घ्यायचे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला उतरायचं नाही.